सुपरमॅनने वस्ती पाडली तेव्हा...

मागच्या पावसाळ्यात आमच्या विहाराच्या अभ्यासिकेत एक छोटासा वाद झाला. विहारातले एक ज्येष्ठ कार्यकर्ते, ज्यांना आम्ही सगळे काका म्हणतो, संध्याकाळी वंदनेला आले. मागच्या खोलीत आठवी-नववीची दहा-बारा मुलं सतरंजीवर पालथी पडून एकाच पुस्तकात डोकी घालून बसली होती. काकांना बरं वाटलं. जवळ जाऊन बघतात तर पानावर लाल चड्डीतला सुपरमॅन. काका तडक आमच्याकडे आले आणि म्हणाले, "अरे, तुम्हाला खोली दिली ती अभ्यासाला. बाबासाहेबांच्या फोटोखाली बसून पोरं हे असलं अमेरिकन वाचणार का? उद्या यांना घटना कोण शिकवणार, स्पायडरमॅन?"

काकांचा राग खोटा नव्हता. ज्या माणसाने रात्रशाळेत शिकून नोकरी धरली आणि पगारातून पैसे बाजूला काढून पुस्तकं घेतली, त्याला पुस्तकाची चेष्टा सहन होत नाही. आंबेडकरी समाजात पुस्तक ही साधी वस्तू नाही. पिढ्यान् पिढ्या जे हातात येऊ दिलं नाही ते हातात आलं आहे, त्यामुळे ते कोणतं असावं याबद्दल आपण हळवे असणारच. तरीही त्या दिवशी आम्ही काकांशी वाद घातला. तो वाद अजून चालू आहे. हा लेख त्याचाच पुढचा भाग समजा, कारण हा प्रश्न आमच्या एका विहारापुरता नाही. वस्त्यावस्त्यांत जे तरुण अभ्यासिका चालवतात, वाचनालयं उभी करतात, जयंतीच्या वर्गणीतून पुस्तकं घेतात, त्या सगळ्यांचा आहे.

आमचं म्हणणं सरळ आहे. सुपरहिरोंच्या चित्रकथा वर्गात आणाव्यात. पण त्या पूजेला न आणता चिकित्सेला आणाव्यात, आणि त्या दारातून मुलांना पुढे आपल्या पुस्तकांपर्यंत न्यावं. यातलं एकही पाऊल गाळलं तर काकांचं म्हणणं खरं ठरेल.

वाचता न येणारा मुलगा

आधी प्रश्न काय आहे ते पाहू. 'असर'चे अहवाल वर्षानुवर्षे सांगत आले आहेत की ग्रामीण भारतात पाचवीतल्या साधारण निम्म्या मुलांना दुसरीच्या पुस्तकातला मजकूर सलग वाचता येत नाही. शहरातल्या वस्त्यांचं चित्र फार वेगळं आहे असं आमचा अनुभव सांगत नाही. आमच्याकडे एक मुलगा येतो. आठवीत आहे. आई घरकामाला जाते, परत येईपर्यंत तो अभ्यासिकेत बसलेला बरा म्हणून त्याला सोडून जाते. पहिले तीन महिने त्याने एकही पुस्तक उघडलं नाही. हुशार इतका की कुठल्याही सिनेमाचे संवाद तोंडपाठ, हिंदीत डब झालेले मार्व्हलचे सगळे सिनेमे मोबाईलवर पाहिलेले. पण इतिहासाच्या पुस्तकातला उतारा समोर ठेवला की तो लघवीला जायचं म्हणून उठायचा, तो परत यायचाच नाही. लाज वाटायची. आठवीतल्या मुलाने बोट ठेवून अक्षर लावत वाचावं, आणि तेही चौथीतल्या मुलींसमोर, ही लाज काय असते ते ज्याने भोगली त्यालाच कळतं.

अशा मुलाला आपण काय देतो? पहिलीचं पुस्तक दिलं तर अपमान, आठवीचं दिलं तर भिंत. चित्रकथा इथे कामाला येते. चौकटीतल्या फुग्यात सहा-सात शब्दांचं वाक्य असतं. अर्धा अर्थ चित्र सांगतं, उरलेला शब्दांनी लावायचा. वाक्य छोटं असलं तरी गोष्ट मोठ्या मुलाची असते, त्यामुळे हातात पुस्तक धरायला लाज वाटत नाही. आम्ही रद्दीवाल्याकडून जुनी इंग्रजी कॉमिक्स आणली. मराठीत सुपरहिरोंच्या चित्रकथा सहज मिळत नाहीत, म्हणून कॉलेजच्या मुलींनी फुग्यांच्या मापाच्या पांढऱ्या पट्ट्या कापून त्यावर मराठी संवाद लिहिले आणि चिकटवले. तो मुलगा पहिल्यांदा वाचायला बसला तो या पट्ट्यांवर. एका पट्टीवर आमच्या मुलीने चुकीचं भाषांतर केलं होतं, ते त्यानेच पकडलं, कारण सिनेमातला संवाद त्याला पाठ होता. "ताई, हा असं नाय बोलत," म्हणाला. तिथून तो वाचक झाला.

चित्र म्हणजे सोपं, आणि सोपं म्हणजे हलकं, हा समज मात्र सोडायला हवा. स्कॉट मॅक्लाउड या चित्रकथाकाराने १९९३ साली चित्रकथेच्या व्याकरणावर चित्रकथेच्याच रूपात एक पुस्तक लिहिलं. त्यात त्याने दाखवलं की दोन चौकटींच्या मधली कोरी जागा ही चित्रकथेतली सर्वांत महत्त्वाची जागा आहे. पहिल्या चौकटीत उगारलेला हात, दुसऱ्या चौकटीत पडलेला माणूस. मधे काय झालं ते कुणी काढलेलं नाही, ते वाचकाने स्वतःच्या डोक्यात घडवायचं असतं. समाजशास्त्राच्या वर्गात आम्ही मजकुरात काय लिहिलेलं नाही ते वाचायला शिकलो, तेही एम.ए.ला गेल्यावर. मुलं ते चौदाव्या वर्षी करतात.

"सुपरमॅनने फोटोपास बघितला का?"

आता त्या दिवशीच्या सुपरमॅनकडे वळू. सुपरमॅन पहिल्यांदा छापला गेला १९३८ साली. क्लीव्हलँड शहरात शाळेत भेटलेल्या जेरी सिगेल आणि जो शुस्टर या दोन ज्यू पोरांनी तो रचला. दोघेही स्थलांतरित कुटुंबांतले, मंदीच्या काळातले. त्यांनी सुपरमॅनचे सगळे हक्क १३० डॉलरला विकले आणि मालक कंपनीने त्यावर साम्राज्य उभं केलं. आज आपल्याला दिसणारा सुपरमॅन आकाशातून ग्रह वाचवतो. पण सुरुवातीचा सुपरमॅन बायकोला मारणाऱ्या नवऱ्याला धरायचा, असुरक्षित खाण चालवणाऱ्या मालकाला त्याच्याच खाणीत अडकवायचा.

१९३९ सालच्या सुरुवातीला आलेल्या एका कथेत तो झोपडपट्टीत जातो. तिथली पोरं चोऱ्या करतात. सुपरमॅनच्या लक्षात येतं की दोष पोरांपेक्षा या घाणेरड्या, कोंडलेल्या वस्तीचा आहे. वादळाने उद्ध्वस्त झालेल्या भागात सरकार नवी घरं बांधून देतं, ही बातमी तो वाचतो. मग तो लोकांना सामान घेऊन बाहेर पडायला सांगतो आणि अख्खी वस्ती स्वतःच्या हातांनी पाडतो. त्याला अडवायला सैन्य येतं, विमानं बॉम्ब टाकतात, आणि त्या बॉम्बने उरलेली घरंही पडतात. शेवटी सरकार तिथे सुंदर इमारती बांधतं. कथा संपते.

अमेरिकन समीक्षक या कथेकडे पुरोगामी सुपरमॅनचा पुरावा म्हणून पाहतात, आणि त्या काळाच्या मानाने ते खरंही आहे. आम्हीही ती त्याच भावनेने मुलांसमोर ठेवली. आमच्या वस्तीतल्या मुलांनी मात्र तिचं वाचन पाच मिनिटांत उलटं केलं.

पहिला प्रश्न आला, "दादा, पाडायच्या आधी त्याने फोटोपास बघितला का?" सगळे हसले. मग दुसरा म्हणाला, "माळ्यावरच्या भाडेकरूंना खोली मिळाली का?" तिसरी मुलगी गंभीर होती. तिच्या मावशीचं घर गेलं आहे. तिने विचारलं, "इमारती होईपर्यंत लोक कुठे राहिले?" आम्ही परत पानं उलटली. कथेत त्याचं उत्तर नव्हतं. पाडणारी चौकट आहे, नव्या इमारतीची चौकट आहे, मधली वर्षं कोऱ्या जागेत आहेत. आमच्याकडे या कोऱ्या जागेला संक्रमण शिबिर म्हणतात, आणि तिथे माणसांची हयात जाते.

त्या संध्याकाळी एक तास चर्चा झाली. १ जानेवारी २००० ही तारीख मुलांच्या घरात का बोलली जाते, पात्र आणि अपात्र कोण ठरवतं, सर्व्हेच्या दिवशी आई कामाला न जाता घरी का बसते, हे सगळं मुलांनीच सांगितलं. झोपडपट्टी पुनर्वसनावर आम्ही व्याख्यान ठेवलं असतं तर यातलं एक मूल आलं नसतं. आणि सर्वांत मोलाची गोष्ट शेवटी घडली. ज्याचं वाचन बोट ठेवून चालतं तो आमचा आठवीतला मुलगा म्हणाला, "त्याने लोकांना विचारलंच नाय ना. डायरेक्ट पाडली."

मित्रांनो, हे वाक्य नीट ऐका. दुसऱ्याचं भलं त्याला न विचारता करणारा बलवान माणूस, ही उद्धारकाची संपूर्ण मीमांसा आहे. हरिजन सेवक संघाच्या कारभारात अस्पृश्यांना स्थान नव्हतं, यावर बाबासाहेबांनी जी टीका केली, तिचा गाभा हाच. तो गाभा एका मुलाने सुपरमॅनच्या कॉमिक्समधून काढला. काकांना आम्ही हे सांगितलं तेव्हा ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "पोरगं बरोबर बोललं. पण ते सुपरमॅनने नाही शिकवलं, वस्तीने शिकवलं." काकांचंही बरोबर आहे. वस्ती सगळ्यांनाच शिकवते, पण ते बोलायला निमित्त लागतं. पुस्तकाचं काम ते निमित्त होण्याचं.

विरोधक नेहमी शत्रू नसतात

चित्रकथांना विरोध करणारे सगळे प्रतिगामी असतात असं आम्ही मानत नाही. अमेरिकेत या विरोधाचं सर्वांत मोठं नाव फ्रेडरिक वर्थम. मानसोपचारतज्ज्ञ. १९५४ साली त्यांनी कॉमिक्समुळे मुलं बिघडतात असं सांगणारं पुस्तक लिहिलं, त्याच वर्षी सिनेटसमोर साक्ष दिली. त्या दबावाखाली प्रकाशकांनी स्वतःवर एक आचारसंहिता लादून घेतली. हेच वर्थम हार्लेममध्ये गरीब कृष्णवर्णीयांसाठी अत्यल्प दरात मानसोपचार केंद्र चालवत होते. गोऱ्या-काळ्यांच्या शाळा वेगळ्या ठेवल्याने मुलांच्या मनावर काय परिणाम होतो, याची त्यांनी डेलावेअरच्या खटल्यात साक्ष दिली, आणि तो खटला पुढे १९५४ च्या ब्राउन निकालाचा भाग झाला. म्हणजे माणूस आपल्या बाजूचा होता.

पण त्या आचारसंहितेने काय केलं? १९५३ साली छापलेली एक छोटी कथा होती. एका ग्रहावर नारिंगी आणि निळे यंत्रमानव राहतात. आतून दोघे अगदी सारखे, फक्त वरचं आवरण वेगळं. पण निळ्यांची वस्ती वेगळी, बसमध्ये त्यांची जागा मागे. पृथ्वीवरून आलेला पाहुणा तपासणी करतो आणि सांगतो, तुमचा ग्रह आमच्या संघात यायला अजून तयार नाही. शेवटच्या चौकटीत तो यानात बसून शिरस्त्राण काढतो आणि कळतं की तो कृष्णवर्णीय आहे. १९५६ साली ही कथा पुन्हा छापायची वेळ आली तेव्हा आचारसंहितेच्या अधिकाऱ्याने नेमका त्या काळ्या चेहऱ्यावर आक्षेप घेतला. प्रकाशकाने माघार घेतली नाही आणि कथा जशी होती तशी छापली.

मुलांच्या भल्यासाठी केलेली बंदी शेवटी कुणाचा चेहरा पुसायला निघते, ते यातून कळतं. आम्ही ही कथा मुलांना सांगितली तेव्हा नारिंगी कोण आणि निळे कोण, हे समजावून सांगावं लागलं नाही.

चित्र निरागस नसतं

याचा अर्थ जे मिळेल ते मुलांच्या हातात द्यावं असा मुळीच नाही. आमच्या आधीच्या पिढीने इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ वाचला. कवटीच्या गुहेत राहणारा गोरा माणूस, पिढ्यान् पिढ्या आफ्रिकेच्या जंगलावर राज्य करतो, आणि तिथले काळे लोक त्याला अमर समजून त्याचे रक्षक होतात. वसाहतवादाला मुखवटा चढवला की वेताळ होतो. १९६७ पासून निघालेल्या अमर चित्र कथेने देशातल्या मध्यमवर्गीय घरांना पुराणं आणि इतिहास शिकवला. त्यात देव आणि राजे गोरे, धारदार नाकाचे. असुर काळे, सुळे आलेले. आमच्यातल्या कितीतरी जणांनी लहानपणी नकळत त्या गोऱ्या बाजूने उभं राहून आपल्याच पूर्वजांचा पराभव पाहिला आहे. 'गुलामगिरी' लिहून जोतिरावांनी १८७३ साली ज्या कथा उलट्या करून वाचायला शिकवलं, त्याच कथा रंगीत होऊन आमच्या उशाशी आल्या.

म्हणून आमचा आग्रह चित्र वाचायला शिकवण्याचा आहे. २०१२ साली काय झालं ते आठवा. अकरावीच्या एनसीईआरटी पुस्तकात शंकर यांचं १९४९ सालचं व्यंगचित्र होतं. गोगलगाय म्हणजे राज्यघटना, तिच्यावर बाबासाहेब बसलेले, हातात चाबूक. मागे नेहरू, त्यांच्याही हातात चाबूक. संसदेत गदारोळ झाला, पुस्तक मागे घेतलं गेलं, सल्लागार असलेल्या सुहास पळशीकर आणि योगेंद्र यादव यांनी राजीनामे दिले, पुण्यात पळशीकरांच्या कार्यालयावर हल्ला झाला. आम्ही तेव्हा विद्यापीठात होतो. आम्हालाही ते चित्र टोचलं होतं. हजारो वर्षं ज्यांच्या पाठीवर चाबूक होता त्यांना चित्रातला चाबूक वेगळा दिसतो, हे अभ्यासक्रम ठरवणाऱ्यांच्या खोलीत कुणाच्या तरी लक्षात यायला हवं होतं. ते आलं नाही, कारण त्या खोलीत आपण पुरेसे नसतो. पण कार्यालय फोडणं हा बाबासाहेबांचा मार्ग नव्हता, हे आम्ही तेव्हाही म्हटलं आणि आजही म्हणतो. त्या चित्रावर वर्गात भांडता आलं असतं. नेहरूंचा चाबूक नक्की कुणावर उगारला आहे? बघ्यांच्या गर्दीत कोण आहे? घटनेला लागलेला काळ हा दोष होता की जबाबदारी? हे प्रश्न विचारू शकणारी पिढी घडवायची तर चित्र वाचायचं शिक्षण लहानपणापासून द्यावं लागेल.

बाबासाहेब सुपरहिरो नाहीत

आता सर्वांत नाजूक मुद्दा. चित्रकथांचा प्रयोग सुरू केल्यावर एका उत्साही तरुणाने सुचवलं, "दादा, आपण बाबासाहेबांनाच सुपरहिरो करू. निळी केप, छातीवर अशोकचक्र." भावना चांगली होती. आम्ही नकार दिला.

सुपरहिरोची शक्ती त्याला मिळालेली असते. परग्रहावर जन्म होतो, कोळी चावतो, प्रयोगशाळेत अपघात होतो. बाबासाहेबांची शक्ती मिळालेली नव्हती, ती एकेका पानाने कमावलेली होती. सुपरहिरो एकटा लढतो आणि लोक खाली उभे राहून वर बघतात. २० मार्च १९२७ ला चवदार तळ्यावर लोक बघायला उभे नव्हते, ते चालत गेले आणि पाणी प्याले. १९४३ साली पुण्यात रानडे यांच्या १०१ व्या जयंतीनिमित्त केलेल्या भाषणात बाबासाहेबांनी विभूतिपूजेवर कोरडे ओढले. २५ नोव्हेंबर १९४९ ला घटना समितीत त्यांनी बजावलं की राजकारणातली भक्ती अधःपतनाकडे आणि हुकूमशाहीकडे नेते. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये त्यांनी दाखवलेले तथागत मार्गदाता आहेत, मोक्षदाता नाहीत. ज्या धम्माने चमत्कार नाकारले, त्या धम्माच्या माणसाने आपल्या महामानवाला उडायला लावावं का? जयंतीच्या बॅनरवर बाबासाहेबांचे दंड फुगवलेली चित्रं पाहिली की आम्हाला वाटतं, आपण त्यांना मोठं करता करता त्यांचं अभ्यासाचं टेबल काढून घेतलं.

मग बाबासाहेब चित्रकथेत यावेत कसे? त्याचं उत्तम उत्तर तयार आहे. 'भीमायन' हे पुस्तक २०११ साली नवयानने काढलं. दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड कलावंतांची चित्रं, श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचा मजकूर. आधार बाबासाहेबांच्या 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर लेखनाचा. व्याम दांपत्याने माणसांना चौकटीत कोंडायला नकार दिला, त्यामुळे या पुस्तकात नेहमीच्या चौकोनी खोक्यांऐवजी गोंडी दिग्ण्याच्या वळणदार रेषा आहेत. प्रेमाने बोलणाऱ्याचे शब्द पक्ष्याच्या आकाराच्या फुग्यात, विषारी शब्द विंचवाची नांगी असलेल्या फुग्यात. आमच्या मुलांनी ही युक्ती लगेच उचलली. आता वर्गात कुणी कुणाला लागेल असं बोललं की बाकीचे बोट वाकडं करून नांगी दाखवतात.

यातली गोरेगावच्या प्रवासाची गोष्ट आम्ही सुपरमॅनच्या नंतर लगेच घेतली. नऊ वर्षांचा भीम भावंडांबरोबर मसूर स्टेशनवर उतरतो. वडिलांना निरोप पोचलेला नाही, न्यायला कुणी आलेलं नाही. जात कळताच गाडीवाले नकार देतात. शेवटी एक जण दुप्पट भाड्यावर तयार होतो, पण गाडी मुलांनीच हाकायची, तो बाजूने चालणार. जवळ शिदोरी आहे, पण पाणी द्यायला कुणी तयार नाही. रात्र तशीच जाते. आम्ही मुलांना विचारलं, या गोष्टीत शक्ती कुणाकडे आहे? बराच वेळ कुणी बोललं नाही. मग एका मुलीने सांगितलं, "ज्याच्याकडे पाणी आहे त्याच्याकडे." आणि मुलांकडे काय आहे? "त्यांनी गाडी चालवली." सुपरमॅनपासून इथपर्यंत यायला आम्हाला सहा आठवडे लागले. पण आलो.

दुसरी साडी

मुलींचा प्रश्न वेगळा होता. "सगळे पुरुषच का?" आम्ही कमला खान दाखवली. न्यू जर्सीत राहणारी पाकिस्तानी वंशाची मुस्लिम मुलगी, २०१४ पासून तिच्या स्वतःच्या नावावर कॉमिक्स निघतं. मुलींना ती आवडली. पण खरं काम झालं ते स्वतःची चित्रकथा काढायला सांगितल्यावर. एका सातवीतल्या मुलीने सावित्रीमाई काढल्या. शाळेला जाताना लोक शेण-चिखल फेकायचे म्हणून त्या पिशवीत दुसरी साडी ठेवायच्या, हे आपण सगळेच ऐकत आलो आहोत. या मुलीने चित्राखाली लिहिलं होतं की सुपरमॅन लढायला जाताना कपडे बदलतो, सावित्रीमाई शिकवायला जाताना बदलतात. आमच्या एम.ए.च्या पूर्ण दोन वर्षांत आम्ही इतकं नेमकं वाक्य लिहिलं नाही.

अमेरिकेतली सुपरहिरोपलीकडची एक चित्रकथा कार्यकर्त्यांनी आवर्जून पाहावी. 'मार्च' तिचं नाव. नागरी हक्क चळवळीतले जॉन लुईस यांची ही आत्मकथा तीन भागांत आहे. १६ वर्षांचे असताना, १९५६ साली, ते अलाबामातल्या आपल्या गावच्या वाचनालयात गेले तर कार्ड फक्त गोऱ्यांना मिळतं असं सांगून त्यांना परत पाठवलं. तरुणपणी त्यांच्या हाती माँटगोमेरीच्या बस बहिष्कारावरची १९५७ सालची एक साधी चित्रकथा आली. कार्यकर्त्यांना अहिंसक लढ्याचं तंत्र शिकवण्यासाठी ती छापली होती. पुढे खासदार झाल्यावर त्यांनी स्वतःचीच कथा चित्रांत सांगितली आणि २०१६ साली तिसऱ्या भागाला अमेरिकेचा राष्ट्रीय ग्रंथ पुरस्कार मिळाला. १९७२ साली आपल्या तरुणांनी ब्लॅक पँथर पक्षाकडे पाहून दलित पँथर उभी केली. देणं-घेणं आपल्याला नवं नाही. फक्त काय घ्यायचं ते आपण ठरवायचं.

करायचं काय?

वस्तीत अभ्यासिका चालवणाऱ्या मित्र-मैत्रिणींना आमच्या चुकांसकट चार गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

एक, मुलं ज्याला ओळखतात त्या नायकापासून सुरुवात करा, पण प्रत्येक पुस्तकाला तीन प्रश्न लावा. शक्ती कुणाकडे आहे? कुणाला विचारलं गेलं नाही? कोण चित्रातच नाही? दोन, पुढचं पुस्तक आधीच ठरवून ठेवा. आम्ही सुरुवातीला हे केलं नाही. चार-पाच मुलं महिनाभर फक्त मारामारीची पानं उलटत बसली, आणि त्यातली दोन अजूनही शब्द गाळून चित्रंच बघतात. तीन, मुलांना काढायला लावा. पाठकोरे कागद आणि पेन्सिल पुरते. चार, आई-बापांना आणि शिक्षकांना आधी विश्वासात घ्या. आमच्या एका मुलीचं पुस्तक शाळेत दप्तरातून काढून घेतलं गेलं आणि तिला वर्गाबाहेर उभं केलं. त्यात आमचाही दोष होता. आम्ही त्या बाईंना एकदा भेटलो असतो तर ते टळलं असतं.

आणि एक मोठं काम उरतं. आपल्या आंबेडकरी जलशांनी एकेकाळी अक्षर न येणाऱ्या माणसापर्यंत विचार पोचवला. भीमराव कर्डकांच्या जलशाला कुणी हलकं म्हणालं नाही. आजचा मुलगा मोबाईलवर चित्र बघत मोठा होतोय. त्याच्यासाठी महाडचा सत्याग्रह, पँथरचे मोर्चे, नामांतराचा लढा मराठीत, परवडणाऱ्या किमतीत, आपल्या चित्रकारांच्या हातून चित्रकथेत यायला हवा. कलाशाळांत शिकणारे आपले तरुण आहेत, लिहिणारे आहेत, जयंतीला डीजेवर होणारा खर्चही आपल्याला माहीत आहे. त्यातला थोडा भाग इकडे वळला तर हे होऊ शकतं.

आमचा तो आठवीतला मुलगा आता नववीत गेला. गणितात अजून मागे आहे, त्याबद्दल खोटं सांगणार नाही. वाचन अजूनही हळू आहे, पण बोट ठेवायला तो लाजत नाही. गेल्या महिन्यात काका वंदना संपवून मागच्या खोलीत आले. मुलगा गोरेगावच्या प्रवासाचं पान काढून बसला होता. काका त्याच्याशेजारी टेकले आणि म्हणाले, "मोठ्याने वाच की, मला चष्म्याशिवाय दिसत नाही." चष्मा त्यांच्या खिशातच होता. मुलाने वाचलं, अडखळत, पूर्ण दोन पानं.

काकांचा सुपरमॅनवरचा राग अजून गेलेला नाही. जाऊ नये असंच आम्हाला वाटतं. वर्गात सुपरमॅनही हवा, आणि त्याला जाब विचारणारे काकाही हवेत.

जय भीम! नमो बुद्धाय!